धारावीत फोटो काढायला जातेयस तर

तुझे फोटो बघितले गं, सगळे. फ्रेम नीट बसवतेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण गटार आहे, पत्रे आहेत, केबलींचा गुंता आहे आणि माणसं एकतर पाठमोरी नाहीतर दचकलेली. ती काय करत होती ते एकाही फोटोत कळत नाही, आणि धारावीत तर जो तो सतत काहीतरी करतच असतो!

म्हणून आधी काम बघ. कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी जा, पणत्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते आणि भट्टीच्या धुराने डोळे चुरचुरतात. कुटुंबं मूळची सौराष्ट्राकडची, घरात गुजराती चालते, थोडं बोलता आलं तर चहा नक्की. गल्ल्यांत बाया पापड लाटून उपड्या टोपल्यांवर वाळत घालतात. लाटणारे हात सगळेच काढतात, तू जरा थांब, ऊन सरकलं की टोपल्याही सरकवतात, ते बघ.

आणि हे डोक्यात पक्कं ठेव, पुनर्विकासाचा सर्व्हे 2024 पासून सुरू झालाय, तळमजल्यावर 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहत असशील तर धारावीतच घर, नंतरची असशील तर घर धारावीबाहेर, माळ्यावर राहणाऱ्यांचं आणखी वेगळंच. मग कॅमेरावाली शिडीचे, दारावरच्या सर्व्हे नंबरचे फोटो काढायला लागली की लोकांच्या पोटात गोळा येणारच ना? कोण आहेस, कशाला आलीस ते आधी सांग. नंबर फ्रेममध्ये नको, फोनचं लोकेशन बंद.

सकाळची संडासची लाइन आणि मोरीवरची आंघोळ काढायची नाही, कोणी हो म्हटलं तरी नाही. पोरं पोझ देणार, व्ही दाखवणार, काढून टाक ते फोटो, कंटाळली की आपोआप खेळायला लागतात.

टेलीलेन्स घरी ठेव, 35 एमएमची लेन्स पुरे. गल्लीत ऊन उतरतं ते भर दुपारी, तेही थोडाच वेळ, त्यामुळे माणूस उंबऱ्यावर बसलेला असेल तर तो लाइट सोडू नकोस. आत ट्यूबलाइट असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद, आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर फोटोत पट्टे येतात. फ्लॅश नकोच.

सुधारक ओलवेंनी (2016 ला पद्मश्री मिळाली ते) मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढलेत, शोधून बघ, सावकाश.

आणि प्रिंट नेऊन द्यायच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागवायचं नाही. सणाला नटूनथटून फॅमिली फोटो काढ म्हणतील, तुझ्या प्रोजेक्टच्या कामाचा नसला तरी काढ, तो भिंतीवर लागतो आणि पुढच्या वेळी गल्लीत कोणी अडवत नाही. पुढच्या वेळी मला निवडलेले पाठवू नकोस, अख्खा फोल्डर टाक, आणि प्लीज ते ब्लॅक अँड व्हाइट करू नकोस, निवड आपण बसून करू.