पाणी न पिणारी मुलगी आणि उंच पलंग

'मुलीला इतका छान पलंग घेतला, स्वतंत्र खोली दिली, तरी रात्री आमच्याच अंथरुणात येते. हट्टीपणा आहे का हा?' समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. पलंग अजून घ्यायचा असेल तर प्रश्न असतो, 'कोणता घ्यावा?' दोन्हींचं उत्तर मला एका मुलीनं दिलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगी साडेपाच वर्षांची. पलंग उंच, शिडीचा, खाली अभ्यासाचं टेबल. दुकानात तिनंच पसंत केलेला. दिवसभर त्यावर चढउतार चालायची. रात्री आई खाली खुर्चीत बसली की झोपही लागायची. दोनच्या सुमाराला मात्र वरून हाका सुरू व्हायच्या. बाबा उठून तिला उतरवून घ्यायचे आणि उरलेली रात्र ती दोघांच्या मधे.

पहिल्या भेटीत बाबा जवळजवळ भांडायच्या तयारीनंच आले होते. "मॅडम, हिनं तिला सवय लावलीय." आईचं म्हणणं, "मी आधीच म्हणत होते, एवढ्यात वेगळं झोपवायला नको." पलंगाचा विषय बाजूलाच राहिला होता, भांडण कोण बरोबर याचं होतं. मला वाटलं, वेगळं झोपण्याची भीती आहे, दुसरं काय! मी स्टारचा तक्ता करून दिला: रात्रभर आपल्या पलंगावर झोपलीस की सकाळी एक स्टार. तीन आठवड्यांत दोन स्टार मिळाले आणि दोन्ही सकाळी चादर ओली होती. वर मुलीला आपण नापास झालो असं वाटायला लागलं. ती चूक माझी.

दुसऱ्या वेळी आई उठता उठता म्हणाली, "आणि एक, हल्ली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही." तिला ते किरकोळ वाटलं होतं. मी मुलीला म्हटलं, "तू रात्री खाली कशी उतरतेस, मला दाखव ना." ती माझ्या सोफ्यावर चढली, पालथी वळली आणि एक पाय मागे सोडून हवेत चाचपडत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "मावशी, अंधारात पायरी सापडतच नाही."

एवढंच होतं. रात्री शू लागेल, उतरता येणार नाही, म्हणून पाणी बंद. एकटं झोपायचं भय नव्हतंच तिला, भय होतं उतरायचं.

पुढची पंधरा मिनिटं मी बाबांना पलंगाबद्दलच विचारत बसले. मुलीला मऊ लागावं म्हणून त्यांनी मूळ गादी काढून जाडजूड गादी टाकली होती. त्यामुळे कठडा गादीच्या वर जेमतेम चार बोटं उरला होता. तो किमान १३ सेंटिमीटर तरी वर हवा. कठड्यातली फटही ९ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर त्यातून अंग घसरून डोकं अडकू शकतं. आणि मुळात ६ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला वरच्या पलंगावर झोपवूच नये. मुलगी रोज भिंतीला चिकटून झोपायची, ते का, हे बाबांना तेव्हा कळलं. ते गप्प झाले. हौसेनं आणलेली वस्तू लेकीला नको झाली, हे त्यांना आतून लागलेलं होतं, आणि राग निघत होता बायकोवर.

नवा पलंग घ्यायचा असता तर मी त्यांना एवढंच सांगितलं असतं: मूल काठावर बसलं की दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. झोपल्या जागेवरून खोलीचं दार दिसलं पाहिजे. पाठीमागे दार असलं की बरीच मुलं पुन्हा पुन्हा मान वळवून बघत राहतात. खिडकीखाली आणि पडद्याच्या दोऱ्यांजवळ पलंग नको. गादीवर मुलाला कुशीवर झोपवा आणि मागून बघा, पाठ सरळ दिसली पाहिजे, झोळीसारखी नाही. पलंग हलवून बघा, करकरला तर नको. गाडीचा आकार, राजवाडा वगैरे तुमच्या हौसेवर सोडते. मला विचाराल तर ज्या पलंगावर खेळावंसं वाटत राहतं, त्यावर झोप उशिरा येते.

पण नवा पलंग घ्यावा लागलाच नाही. मुलगीच म्हणाली, "मी टेबलाच्या जागी झोपू?" टेबल खिडकीशी गेलं. बाबांनी शिडी काढली, तेव्हा मुलगी हातात स्क्रू धरून बसली होती. मूळची पातळ गादी खाली आली. जमिनीवरची गादी खालून ओल धरते, म्हणून ती रोज सकाळी उभी करून ठेवायची. मोठा दिवा झोपेच्या तासभर आधी बंद, जमिनीलगत एक मंद पिवळा. संध्याकाळच्या झगझगीत उजेडानं झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त दबतं.

आईच्या खुर्चीचं काम मात्र हळूहळू केलं. रात्रीतून आपण सगळेच काही वेळा अर्धवट जागे होतो आणि मूल झोप लागताना जे जवळ होतं तेच शोधतं. म्हणून खुर्ची आधी गादीजवळ, चार दिवसांनी खोलीच्या मध्यावर, मग दारात, मग बाहेर. मधे एकदा तापामुळे सगळं मागे गेलं, पुन्हा मध्यापासून सुरुवात केली. झोपेची वेळही अर्धा तास अलीकडे आणली, कारण ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते आणि हिची नऊच होत होती.

पाणी तिसऱ्या दिवशीच सुरू झालं.

ती आता सात वर्षांची आहे. शिडी परत लावलीय, कठडाही उंच आहे. वर तिची पुस्तकं आणि एक जुनी उशी असते. झोपते ती अजून खालीच. बाबा मधूनमधून विचारतात, "वर जायचं का आज?" ती म्हणते, "बघू."