जनरल झॉड: खलनायक, महाखलनायक की प्रतिनायक?

सुपरमॅनच्या कथांमधील जनरल झॉड या पात्राविषयी मराठीत लिहू इच्छिणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. ‘सुपरव्हिलन’ या वर्णनासाठी ‘महाखलनायक’ हा शब्द चालेल का, हा पहिला; आणि ‘जनरल’ या उपाधीच्या जागी ‘सेनापती’ लिहिणे योग्य ठरेल का, हा दुसरा. माझे मत असे आहे की ‘महाखलनायक’ टाळावा, ‘जनरल’ तसाच ठेवावा, आणि ‘खलनायक’ व ‘प्रतिनायक’ या दोन शब्दांपैकी कोणता घ्यायचा ते आपण कोणत्या झॉडविषयी लिहीत आहोत हे पाहून ठरवावे. कारण कॉमिक्स, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांनी या एका नावाखाली बरीच वेगवेगळी माणसे उभी केली आहेत.

आधी ‘महा’विषयी. मराठीत हा पूर्वपद म्हणून आला की तो बहुधा आकार किंवा मात्रा वाढवतो. महापूर म्हणजे मोठा पूर आणि महालबाड म्हणजे लबाडीत इतरांच्या वरचढ असलेला. त्यामुळे ‘महाखलनायक’ वाचल्यावर मराठी वाचकाच्या मनात ‘अतिशय दुष्ट माणूस’ हाच अर्थ उमटेल. ‘सुपरव्हिलन’मधला ‘सुपर’ मात्र दुष्टपणाचे माप सांगत नाही. तो त्या पात्राची जात सांगतो: सुपरहिरोंच्या जगात वावरणारा आणि सहसा मानवी मर्यादेपलीकडची शक्ती असणारा विरोधक. झॉडच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. रॉबर्ट बर्नस्टीन आणि जॉर्ज पॅप यांनी 1961च्या एप्रिलमधील ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’च्या 283व्या अंकात हे पात्र प्रथम आणले. तेव्हा झॉड हा सुपरमॅनचे जन्मस्थान असलेल्या क्रिप्टॉन ग्रहावरचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने स्वतःच्या प्रतिकृतींचे सैन्य बनवून सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला आणि त्याबद्दल त्याला फँटम झोनमध्ये, म्हणजे क्रिप्टॉनच्या गुन्हेगारांना कोंडण्याच्या एका वेगळ्या मितीत, डांबण्यात आले. या सगळ्या उठावात त्याच्याजवळ एकही अलौकिक शक्ती नव्हती, कारण क्रिप्टॉनवासीयांना शक्ती लाभते ती पिवळ्या सूर्याच्या प्रकाशात, आणि त्यांचा स्वतःचा सूर्य तांबडा होता. म्हणजे क्रिप्टॉनवर तो बंडखोर आणि राजद्रोही ठरतो. ‘सुपर’ हे विशेषण त्याला पृथ्वीजवळ आल्यावरच चिकटते. जेथे त्याच्या उडण्याचा किंवा डोळ्यांतून निघणाऱ्या दाहक किरणांचा विषय असेल तेथे ‘अतिमानवी शक्तीचा खलनायक’ असे सरळ लिहावे. अर्थ पूर्ण पोचतो. वृत्तपत्री मजकुरात ‘सुपरव्हिलन’ हा शब्द देवनागरीत तसाच लिहिण्यालाही माझी हरकत नाही, कारण ज्यांच्यासाठी आपण लिहितो त्यांच्या तो तोंडातला आहे.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. ‘खलनायक’ या शब्दात ‘खल’ हे पात्राच्या स्वभावाविषयीचे विधान आहे. मराठीला हा शब्द परका नाही. पसायदानातला ‘खळ’ तो हाच. ‘प्रतिनायक’ हा शब्द संस्कृत नाट्यशास्त्रातला. दहाव्या शतकात माळव्यात धनंजयाने लिहिलेल्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाची व्याख्या येते, आणि ती काही सौम्य नाही: तो लोभी, धीरोद्धत (म्हणजे गर्विष्ठ आणि उद्धट), ताठर, पाप करणारा, व्यसनी शत्रू असतो. या ग्रंथावरील धनिकाच्या टीकेत उदाहरणे दिली आहेत ती रामापुढे रावण आणि युधिष्ठिरापुढे दुर्योधन यांची. तेव्हा ‘खलनायक म्हणजे वाईट आणि प्रतिनायक म्हणजे तितका वाईट नाही’ अशी वाटणी कोणी करत असेल तर तिला जुन्या शास्त्राचा आधार नाही. फरक निराळा आहे. ‘प्रति’ हा उपसर्ग नायकाशी असलेले नाते सांगतो: हा नायकासमोर उभा राहणारा, त्याच्या तोलाचा, स्वतःच्या पक्षाचा नायक आहे. दुर्योधनाच्या बाजूने लढणाऱ्यांना तो राजाच वाटत होता. खलनायकाला अशा पक्षाची गरज नसते, त्याचे खलत्व पुरेसे असते. ही कसोटी झॉडच्या निरनिराळ्या अवतारांना लावून पाहिली की शब्द आपोआप वेगळे होतात.

रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 1978च्या चित्रपटात आणि 1980च्या ‘सुपरमॅन 2’मध्ये टेरेन्स स्टॅम्प यांनी साकारलेला झॉड हा माझ्या मते निखळ खलनायक आहे. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच मार्लन ब्रँडोंचा जॉर-एल, म्हणजे सुपरमॅनचा पिता, त्याच्यावर खटला चालवतो, शिक्षा होते आणि शिक्षा भोगायला जाताना तो जॉर-एलला बजावतो की तू माझ्यापुढे वाकशील, आणि एक दिवस तुझे वंशजही वाकतील. दुसऱ्या चित्रपटात, आयफेल टॉवरवरून सुपरमॅनने अंतराळात भिरकावलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाने तो सुटतो, अर्सा आणि नॉन या दोन साथीदारांसह पृथ्वीवर उतरतो, आणि जो भेटेल त्याला गुडघ्यांवर बसायला सांगतो. त्याला राज्य हवे आहे, पण राज्य करून काय करायचे हे त्याच्याजवळ नाही. जग ताब्यात आल्यावर तो चक्क कंटाळतो, आणि स्टॅम्प यांनी तो कंटाळा ज्या थंड, राजेशाही ऐटीत दाखवला आहे तिला तोड नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानातला प्रसंग आठवावा: दुसराच एक माणूस स्वतःला अध्यक्ष म्हणवून गुडघे टेकतो, तेव्हा झॉड त्याला लगेच ओळखतो, कारण इतक्यांचे नेतृत्व करणारा इतक्या चटकन वाकणार नाही. सत्तेची एवढी सूक्ष्म जाण आणि तिच्यामागे कसलेही ध्येय नसणे, हे मिश्रण ‘खलनायक’ याच शब्दात बसते.

त्या प्रसिद्ध आज्ञेच्या मराठीकरणाविषयी येथेच एक गोष्ट सांगतो, कारण तिचाही संबंध याच्याशी आहे. ‘झॉडपुढे गुडघे टेक’ हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठीत ‘गुडघे टेकणे’ म्हणजे हार मानणे. झॉडला समोरच्याची हार तर आधीच मिळालेली असते. त्याला हवी असते ती सार्वभौमत्वाची कबुली, दरबारात जी मुजऱ्याने किंवा कुर्निसाताने दिली जाई. तरीही मी ‘गुडघे टेक’च ठेवीन. पडद्यावर माणसे प्रत्यक्ष गुडघ्यांवर बसताना दिसत असताना दुसरे काही लिहिणे विसंगत होईल, आणि शेवटी सुपरमॅन आपली शक्ती गेल्याचे सोंग करून स्वतः गुडघे टेकतो तेव्हा प्रेक्षकाला तो हरला असेच वाटायला हवे असते. पुढच्याच क्षणी तो झॉडचा हात हातात घेऊन चिरडतो आणि शक्ती नेमकी कोणाची गेली आहे ते कळते.

कॉमिक्समध्ये झॉड बराच काळ याच वळणाचा राहिला. जॉन बर्न यांच्या 1988मधील कथेत, एका वेगळ्या लघुविश्वातील झॉड आणि त्याचे दोन साथीदार तिथल्या पृथ्वीवरची सगळी जीवसृष्टी नष्ट करतात आणि सुपरमॅन त्यांना क्रिप्टोनाइटने, म्हणजे क्रिप्टॉनवासीयांना घातक असलेल्या खनिजाने, देहदंड देतो. तेथे ‘खल’ हाही शब्द अपुरा वाटावा अशी स्थिती आहे. बदल दिसतो तो 2006पासून प्रसिद्ध झालेल्या ‘लास्ट सन’ या कथेत. जेफ जॉन्स यांच्यासोबत ती लिहिली ती त्याच डॉनर यांनी. तिच्यात झॉड आणि अर्सा यांना मुलगा आहे, आणि तो मुलगा क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) आणि त्याची पत्नी लोइस यांच्या घरी वाढू लागतो. झॉडला कुटुंब मिळाले, पुढच्या काही वर्षांतील ‘न्यू क्रिप्टॉन’च्या कथांमध्ये प्रजा आणि सैन्यही मिळाले, आणि त्यासोबत त्याला पक्ष मिळाला. येथून पुढे ‘प्रतिनायक’ हा शब्द सार्थ होऊ लागतो.

तो सर्वाधिक सार्थ होतो 2013च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये. झॅक स्नायडर यांच्या या चित्रपटातील क्रिप्टॉनवर प्रत्येक मूल ठरावीक कामासाठी घडवून जन्माला घातले जाते, आणि मायकेल शॅनन यांचा झॉड हा आपल्या लोकांचे रक्षण करण्यासाठी घडवलेला योद्धा आहे. तो उठाव करतो, जॉर-एलला ठार मारतो, पृथ्वीचे क्रिप्टॉनमध्ये रूपांतर करण्यासाठी सारी मानवजात पुसून टाकायला निघतो. या कृत्यांत क्षम्य असे काही नाही. पण प्रत्येक कृत्यामागे एकच हेतू आहे आणि तो त्याचा स्वतःचा लाभ नाही. अखेरीस जेव्हा त्याच्या लोकांचा पुनर्जन्म होण्याची शक्यताच संपते तेव्हा तो सुपरमॅनला सांगतो की माझ्या अस्तित्वाचे कारण तू हिरावून घेतलेस. एका कुटुंबाला वाचवण्यासाठी सुपरमॅन त्याची मान मोडतो आणि लगेच आक्रोश करतो. या शेवटावर रसिकांमध्ये खूप वाद झाला. माझ्या दृष्टीने त्या आक्रोशाचे कारण एवढेच आहे की समोर मेलेला माणूस त्याच्या वंशाचा होता. खलनायकाच्या मृत्यूवर नायक असा रडत नाही. म्हणूनच या झॉडला ‘खलनायक’ म्हणणे मला वाचकाची दिशाभूल करणारे वाटते. शॅनन यांनी 2023च्या ‘द फ्लॅश’मध्ये तीच भूमिका पुन्हा केली, पण तेथे या पात्राला फारसे काही वाढवलेले नाही.

‘क्रिप्टॉन’ या 2018–19च्या मालिकेने तर नात्याचा धागा आणखी पुढे नेला. तिच्यात कॉलिन सामन यांचा झॉड हा सुपरमॅनच्या आजोबांचा, म्हणजे सेग-एलचा मुलगा निघतो. मग तो सुपरमॅनचा सावत्र चुलता झाला. या संघर्षासाठी मराठीत ‘भाऊबंदकी’ हा नेमका शब्द आहे, आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्याने तो खुशाल वापरावा.

राहिला ‘जनरल’. शिवकालात फारसी ‘सरनौबत’च्या जागी अष्टप्रधानांमध्ये ‘सेनापती’ हे पद आले. हंबीरराव मोहित्यांच्या नावाशी ते जोडलेले आहे, आणि नावाआधी लागले की त्यात आदर असतो. सेनापती बापट हे कोणत्याही फौजेचे अधिकारी नव्हते. मुळशी सत्याग्रहातील नेतृत्वामुळे लोकांनी त्यांना ती पदवी दिली. उलट 1983 ते 1986 या काळात लष्करप्रमुख असलेल्या अरुणकुमार वैद्यांना आपण ‘जनरल वैद्य’ असेच म्हणतो. म्हणजे मराठीने दोन्ही शब्द वेगवेगळ्या कामांसाठी आधीच ठेवले आहेत: आधुनिक लष्करी हुद्दा तो ‘जनरल’, आणि गौरवाची उपाधी ती ‘सेनापती’. झॉडला ‘सेनापती झॉड’ म्हटले तर त्याला नको तो गौरव चिकटेल. आणखीही एक अडचण आहे. ‘स्मॉलव्हिल’ मालिकेच्या नवव्या पर्वात कॅलम ब्लू यांनी जो तरुण झॉड साकारला तो जनरल होण्यापूर्वीचा ‘मेजर झॉड’ आहे. हुद्द्यांची ती पायरी कथानकाचाच भाग असल्याने एक हुद्दा मराठीत आणि दुसरा इंग्रजीत असे करून चालणार नाही.

नावाच्या लेखनाबाबत विचारले गेले नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. ‘झोड’ असे लिहू नये, कारण मूळ स्वर विवृत आहे, आणि शिवाय मराठी वाचकाला ‘झोडणे’, ‘झोड उठवणे’ हे शब्द आठवतात. ‘झॉड’ हेच योग्य, आणि त्यातला ‘झ’ उच्चारायचा तो ‘झाड’मधला, ‘झेंडा’मधला नव्हे. पूर्ण नाव ‘ड्रू-झॉड’ असे जोडरेषेने लिहावे, कारण ‘झॉड’ हे घराण्याचे नाव आहे, जसे सुपरमॅनच्या घराण्याचे ‘एल’. वाक्यात वर्णन म्हणून ‘क्रिप्टॉनच्या सैन्याचा सेनापती’ असे लिहायला अर्थातच काही हरकत नाही. फक्त समासात ते ‘सेनापतिपद’ असे ऱ्हस्व लिहावे.