‘मान्यताप्राप्त’ म्हणजे नेमकी कोणाची मान्यता?

नीटचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये परदेशातील वैद्यकीय शिक्षणाचा विषय वरचढ ठरतो. गोव्यात एमबीबीएससाठी बांबोळीचे एकच महाविद्यालय असल्यामुळे थोडक्यात संधी हुकलेल्या मुलांच्या घरी परदेशाचा विचार सुरू होणे स्वाभाविक आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. पहिल्या पत्रातील शंका जवळजवळ प्रत्येक घरात असते, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी नीटमध्ये पात्र ठरली, परंतु बांबोळीच्या यादीत तिचे नाव लागले नाही. एका सल्लागार संस्थेने मध्य आशियातील एक विद्यापीठ सुचवले आहे. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ आणि ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत समाविष्ट’ असे ठळक छापले आहे. आठ दिवसांत आगाऊ रक्कम भरली नाही तर सीट जाईल, असे ते सांगतात. यजमान भरूया म्हणतात, माझे मन धजत नाही. काय करावे?
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, आपले मन धजत नाही ते योग्यच आहे. माहितीपत्रकावरील ती दोन्ही वाक्ये आधारासाठी पुरेशी नाहीत.

आधी ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ या शब्दांविषयी. २५ सप्टेंबर २०२० रोजी जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजेच एनएमसी, आला. हा आयोग परदेशातील महाविद्यालये तपासून त्यांना मान्यतेचा शिक्का देत नाही. त्याने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियमावली जारी केली. विद्यार्थ्याने कोणत्या अटी पूर्ण केल्या तर त्याला भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळेल, एवढेच ती सांगते. म्हणजे महाविद्यालय किती मोठे आहे यापेक्षा आपल्या मुलीने घेतलेले शिक्षण त्या अटींमध्ये बसते की नाही, हा खरा प्रश्न आहे. एकाच विद्यापीठातील एक अभ्यासक्रम अटींमध्ये बसतो आणि शेजारचा बसत नाही, असेही घडू शकते.

दुसरे वाक्य जागतिक आरोग्य संघटनेचे. ही संघटना कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता देत नाही. आज जी जागतिक निर्देशिका वापरली जाते ती वैद्यकीय शिक्षणाचा जागतिक महासंघ आणि फायमर ही संस्था मिळून चालवतात. महाविद्यालयाचे नाव तिथे आहे म्हणजे त्याला मान्यता आहे असे समजू नये, असे ती निर्देशिका स्वतःच सांगते. नाव नसेल तर तो विचार तिथेच सोडून द्यावा. नाव असेल, तर खरी चौकशी तिथून पुढे सुरू होते.

आता अटी. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा आणि त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत झाले पाहिजे. त्याचा कोणताही भाग भारतात किंवा दुसऱ्या संस्थेत करून चालत नाही. मेडिसिन, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र यांच्याबरोबर मानसोपचार, अस्थिरोग, नेत्ररोग, त्वचारोग असे विषयही प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकलेले असावेत. हे सगळे प्रवेशापासून १० वर्षांच्या आत पूर्ण व्हावे लागते. परत आल्यावर परीक्षा आणि भारतातील आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप असते, ती वेगळीच.

यांतील सर्वांत महत्त्वाची अट मात्र माहितीपत्रकात सहसा सापडत नाही, आणि पालकही तिच्याविषयी क्वचितच विचारतात. ती अशी, की ही पदवी घेऊन त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळण्यास विद्यार्थी पात्र असला पाहिजे आणि तो परवाना तिथल्या नागरिकाला मिळणाऱ्या परवान्याच्या तोडीचा असला पाहिजे. काही ठिकाणी परदेशी मुलांसाठी इंग्रजीतून वेगळा, थोडा आखूड अभ्यासक्रम चालवला जातो आणि स्थानिक मुले दुसऱ्याच, अधिक लांब अभ्यासक्रमात शिकत असतात. अशा वेळी आपल्या मुलीच्या हाती पदवी येईल, पण तिथल्या रुग्णाला तपासण्याचा अधिकार येणार नाही. जी पदवी तिच्या मायदेशातच डॉक्टर घडवत नाही, ती आपल्याकडे चालावी अशी अपेक्षा कशी करणार?

म्हणून रक्कम भरण्यापूर्वी एक काम करावे. मुलीने स्वतःच्या ईमेलवरून, सल्लागाराला मध्ये न घेता, विद्यापीठाच्या कुलसचिवांना लिहावे. पत्ता माहितीपत्रकातून न घेता विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. मजकूर साधा असावा : ‘मी ज्या अभ्यासक्रमात प्रवेश घेणार आहे त्याचे नाव, महिन्यांतील कालावधी आणि माध्यम कळवावे. याच अभ्यासक्रमात आपल्या देशाचे नागरिकही शिकतात का? पदवी आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण केल्यावर मला आपल्या देशात नागरिकांप्रमाणेच वैद्यकीय परवान्यासाठी अर्ज करता येईल का आणि तो कोणती संस्था देते?’ उत्तरात ज्या परवाना संस्थेचे नाव येईल तिलाही हाच शेवटचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली तर पुढे जावे. उत्तरच आले नाही तर तेही एक उत्तर समजावे.

माझ्याकडे कागद दाखवायला आलेल्या एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. त्यांच्या हातातील प्रवेशपत्रावर विद्यापीठाचे बोधचिन्ह, शिक्का, सही सारे काही होते. पण कालावधीच्या रकान्यात नुसते ‘५ वर्षे’ असे लिहिले होते आणि इंटर्नशिपचा उल्लेखच नव्हता. ५ वर्षे म्हणजे ६० महिने. त्यांत इंटर्नशिप धरली असेल तर शिकण्यासाठी उरतात फक्त ४८. त्या एका रकान्यात मुलाची पाच वर्षे अडकली होती. आपल्याकडील पत्रावर तोच रकाना आधी पाहा आणि यजमानांनाही दाखवा.

भाषेचा विचारही आताच करावा. वर्ग इंग्रजीत भरले तरी वॉर्डातला रुग्ण त्याच्याच भाषेत बोलतो. बांबोळीला खाटेजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काणकोणच्या आजीची कोंकणी कळली नाही तर तिचे दुखणे कळत नाही, आणि मध्य आशियातही हाच न्याय लागू आहे. म्हणून पहिल्या वर्षापासून स्थानिक भाषा शिकवतात का, शिकवणीचे रुग्णालय विद्यापीठाचे स्वतःचे आहे का आणि तिथे विद्यार्थ्याला रुग्णाला हात लावू देतात की लांबून पाहावे लागते, हे आज तिथे चौथ्या-पाचव्या वर्षात शिकणाऱ्या मुलांना विचारावे. ही मुले सल्लागाराने जोडून दिलेली नसावीत.

परतल्यानंतरच्या परीक्षेविषयीही सांगतो. नेक्स्ट ही नवी परीक्षा लागू होईपर्यंत एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची परीक्षा, द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्नांपैकी १५० बरोबर आले की उत्तीर्ण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि कितीही वेळा बसता येते. हे वाचताना सोपे वाटते, पण अनेक सत्रांमध्ये बसलेल्यांपैकी चौथा हिस्साही उत्तीर्ण झालेला नाही. ज्यांना वॉर्डात शिकायला मिळालेले नसते त्यांना पाठांतर पुरत नाही. तेव्हा शुल्काचा हिशेब मांडताना परतल्यावरची एक-दोन वर्षेही त्यात धरा.

आठ दिवसांच्या मुदतीची धास्ती घेऊ नका. वरील पत्रव्यवहाराला जेवढे दिवस लागतील तेवढे घ्या.

प्रश्न : मला दोन पर्याय मिळाले आहेत. एका देशात आधी बीएस आणि मग चार वर्षांचा एमडी आहे. दुसरे महाविद्यालय एका बेटावर असून पहिली दोन वर्षे तिथे आणि पुढचे क्लिनिकल शिक्षण दुसऱ्या देशातील रुग्णालयांत होते. यांतील कोणता बरा?
— एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : भारतात परतून डॉक्टरकी करायची असेल तर दोन्ही नकोत. बीएस हा वैद्यकीयपूर्व अभ्यासक्रम असल्यामुळे तो ५४ महिन्यांत धरला जात नाही आणि चार वर्षांचा एमडी, म्हणजे तिथली मूळ वैद्यकीय पदवी, ४८ महिन्यांवरच थांबतो. त्या देशाने एमडीचा कालावधी वाढवला आहे असे कोणी सांगितले, तर वाढीव कालावधी तुझ्या प्रवेशपत्रावर लेखी दाखवायला सांग. बेटावरील महाविद्यालयाची अडचण वेगळी आहे. शिक्षण एका संस्थेत आणि क्लिनिकल दुसऱ्या देशात, ही रचना ‘संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत’ या अटीलाच छेद देते. ‘तिथे पोचल्यावर बदली करून देऊ’ असे आश्वासन मिळाले तरी त्याच कारणासाठी ते नाकार. नीटची पात्रता परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षे धरली जाते, त्यामुळे या वर्षी थांबल्याने सारे संपत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. ती लिस्बनला वैद्यकीय शिक्षण घेण्याचा विचार करते. युरोपातील पदवीला कोण नाही म्हणणार, असे आम्हाला वाटते. नीट देण्याची तिला गरज आहे का?
— एक वडील, म्हापसा

उत्तर : गरज आहे, आणि प्रश्न केवळ नीटचा नाही. २०१८ पासून परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे भारतात नोंदणी मिळवू इच्छिणाऱ्या ओसीआय कार्डधारकांनाही भारतीय नागरिकांप्रमाणेच नीट सक्तीची आहे. एफएमजीईला बसण्याचा हक्कही या दोघांनाच आहे. पासपोर्टचा रंग बदलल्याने यातील काहीच बदलत नाही.

त्याहून मोठा मुद्दा माध्यमाचा आहे. पोर्तुगालमधील वैद्यकीय शिक्षण सहा वर्षांचे आणि दर्जेदार आहे, पण ते मुख्यतः पोर्तुगीज भाषेतून चालते. आपल्या नियमावलीत माध्यम इंग्रजी अशी स्पष्ट अट आहे. पोर्तुगालची मूलभूत वैद्यकीय पदवी युरोपीय संघाच्या नियमांनुसार इतर सदस्य देशांमध्ये ओळखली जाते. म्हणजे मुलीला जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये काम करण्याची वाट खुली होईल, पण म्हापशात दवाखाना थाटण्याची वाट अडू शकेल. गोव्याला हा अनुभव उलट्या बाजूने आला आहे. १८४२ मध्ये पणजीला सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून शिकलेल्या गोमंतकीय डॉक्टरांनी पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींमध्ये सेवा बजावली, परंतु खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर त्यांना तिथल्या महाविद्यालयात जाऊन पुन्हा शिकावे लागे.

मुलीला दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तर युरोपीय संघातीलच, पण इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम पाहावा. रुमानिया, बल्गेरिया, पोलंड, हंगेरी या देशांमध्ये असे अभ्यासक्रम आहेत. तिथेही १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत करता येईल का, हे फोंड्याच्या ताईंना सुचवलेल्या पद्धतीनेच लेखी विचारून घ्यावे. नीट मात्र तिने निघण्यापूर्वीच दिलेली बरी. शिक्षण पूर्ण करून परतल्यावर ती अट मागे जाऊन पूर्ण करता येत नाही.