राणीला कोंडू नकोस

वाळपई, श्रावण

प्रिय बाय,

फणसाखालची मधमाश्यांची पेटी रिकामी झाल्याचं वाचून वाईट वाटलं, नवल नाही वाटलं. उरलेल्या दोन पेट्यांच्या दाराला राणी-जाळी लावू का, असं विचारतेस. माझ्या माळ्यावर अशा चार जाळ्या गंजत पडल्या आहेत, त्यांची गोष्ट आधी ऐक.

माझं दुसरं वर्ष होतं. त्या साली काजू असा फुलला की मधकोठी उचलवेना. सातेरीची, म्हणजे आपल्या पेटीतल्या या माशीची, वसाहत वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध देते. मी एप्रिलात काढला, हाव सुटली म्हणून मे महिन्यात पुन्हा काढला, आणि खाली पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या, चौकटींच्या कडेला त्यांनी स्वतःसाठी राखलेलाही सोडला नाही. मग पावसात माशा सोडून जातील या भीतीनं दारांना जाळ्या ठोकल्या. त्या फटीतून कामकरी माशी जाते, राणी अंगानं मोठी म्हणून अडकते, आणि राणीवाचून वसाहत हलत नाही. जुलैत एक झाकण उघडलं. पोळ्यावर माशा होत्या, पण सगळ्यांची डोकी घरांत खुपसलेली आणि मागची टोकं तेवढी बाहेर. बोट लावलं तरी हलेनात. तळाशी थेंबभर उरलंय का ते शोधताना मेल्या होत्या. राणी जाळीच्या आतल्या बाजूला पडली होती.

उपाशी ठेवलं मी, आणि वर दारही लावून घेतलं.

सातेरी चंचल, ती टिकत नाही, असं तुला सगळे सांगतील. ती जाते ती भुकेनं, मुंग्यांनी, मेणकिड्यानं, नाहीतर आपण रोज उठून झाकण उघडतो म्हणून. (तू आठवड्यातून तीनदा उघडत होतीस, ते मी पाहिलंय.) गाय दाव्याला असते, कोंबडी खुराड्यात, ही सकाळी जाते आणि आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, परत येते. सात पोळी बांधते म्हणून सातेरी, असं सांगतात. आपल्याकडे वारुळाच्या रूपात पुजली जाते ती देवीही सातेरीच. माझी आई मात्र पेटीजवळून जाताना उगाच हात जोडायची.

नुकताच धरलेला थवा पेटीत बसवताना जाळी मीही लावतो, दोन-तीन दिवस. अंडी दिसली की काढतो. कायमची ठेवलीस तर नर बाहेर पडत नाहीत आणि नव्या राणीचं मीलनाचं उड्डाणही अडतं. राणीचे पंख कातरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. थवा निघतो तो निघतोच, ती बिचारी दारासमोर गवतात पडते.

आता दोन पेट्यांचं. आज संध्याकाळी मागून एका हातानं पेटी किंचित उचलून बघ. हलकी लागली तर साखर आणि पाणी सारख्या मापानं घेऊन पाक कर, आतच वाटीत ठेव आणि वर काड्या टाक, म्हणजे बुडणार नाहीत. गूळ नको, त्यांना हगवण लागते. बाहेर थेंब सांडला की हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, येतात आणि शेजारची पेटी लुटायला बसते. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही बघ.

पण हा पाक मध नव्हे, हे गिऱ्हाइकाशी वागताना लक्षात ठेव. पावसात भरलेल्या चौकटी काजूच्या हंगामाआधी बाजूला काढायच्या, बाटलीत त्यातलं काही जाता कामा नये. फुलोरा चालू असताना पाक पाजून माल वाढवणारे मला माहीत आहेत. त्यांच्याशी माझं बोलणं नाही. अर्धवट झाकलेल्या पोळ्यातला पातळ मधही काढू नकोस, तो आंबतो.

रोगाचं थोडक्यात: अळी पाण्याच्या पिशवीसारखी झालेली दिसली तर तो सॅकब्रूड, विषाणूचा रोग. १९९१-९२ च्या सुमारास त्यानं दक्षिण भारतातल्या सातेरीची धूळधाण केली. अँटिबायोटिक त्यावर चालत नाही, मधात मात्र उतरतं. रोग पेटीबरोबर येतो, म्हणून घाटापलीकडून स्वस्तातल्या पेट्या आणू नकोस.

आणि शेजारच्या भाटकाराला, म्हणजे काजूच्या बागेच्या मालकाला, मोहोर यायच्या आत जाऊन भेट. काजूवर ढेकण्या किडीसाठी मोहोरातच औषध मारतात. भांडू नकोस, फवारणी तिन्हीसांजेला करा आणि आदल्या दिवशी मला सांगा, एवढंच माग. त्याच्या काजूला माशा लागतात, हे तोही जाणतो.

चौकट परत ठेवताना घाई तुझी खोड आहे. नारळाच्या सोडणाचा थोडा धूर दे, थांब, कडेवरच्या माशा सरकू देत. एक जरी चिरडली तरी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या अंगावर येतात. चूक त्यांची नसते.

रिकामी पेटी घरात नेऊ नकोस. मेणकिडा लागलेली पोळी जाळून टाक, लाकूड उन्हात तापव, आतल्या भिंतींना जुनं मेण चोळ आणि परत फणसाखालीच मांड. चवथीनंतर किंदळ फुलतो, पुढं थंडीत थवे फिरू लागतात. दार उघडं असू दे.

तुझा
काका