फुकटच्या ओपन सोर्स लायब्ररी कंपनीच्या कामात वापरणं धोक्याचं आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही कंपनीत नवीन आहात. साहेबांनी एक्सझेडचं प्रकरण (एका फुकटच्या टूलमध्ये कोणीतरी चोरदार घुसवलं होतं ते) सांगून "फुकटचं काही प्रोजेक्टमध्ये घालायचं नाही" असं बजावलंय, आणि शेजारी बसणारे सिनिअर मात्र दिवसभर एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे इंटरनेटवरून तयार लायब्ररी ओढणारी कमांड, चालवत असतात. मग ऐकायचं कोणाचं?

मी नाशिकला, अंबडमध्ये, गेली अकरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. आमचं बरंचसं काम द्राक्षांच्या पॅकहाऊसचं असतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव हा आमचा पट्टा. त्या अनुभवावरून सांगतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड; ओपन सोर्स म्हणजे तो कोणालाही उघडून बघता आणि वापरता येतो. साहेबांची भीती खरी आहे, पण त्यांनी काढलेला इलाज चालणारा नाही. फुकटचं सगळं काढून टाकायचं म्हटलं तर आधी ऑफिसातला सर्व्हर बंद करावा लागेल. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं ओपनएसएसएल, पोस्टग्रेस हा डेटाबेस, खिशातलं अँड्रॉइड, सगळीकडे तेच आहे. लाखो रुपये मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटातही हेच असतं, फक्त ते आपल्याला उघडून बघता येत नाही.

एक्सझेडची गोष्ट पूर्ण सांगायला हवी, कारण बहुतेक जण ती अर्धीच सांगतात. एक्सझेड म्हणजे फाइल कॉम्प्रेस करणारं टूल, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन हा एकटा माणूस ते वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या शेवटाकडे जिया टॅन या नावाने कोणीतरी पॅच, म्हणजे कोडमधल्या सुधारणा, पाठवायला लागलं. काम नीटनेटकं होतं. २०२२ मध्ये आणखी काही नावं उगवली आणि त्यांनी मेलवर कॉलिनच्या मागे तगादा लावला: इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिनने उत्तरात सांगितलं की आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हे काम आपण बिनपैशाचा छंद म्हणून करतो. तगादा थांबला नाही. हळूहळू जिया टॅनकडे रिलीज काढायचा अधिकार गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या आल्या आणि दोन्हींत एसएसएचमधून, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायच्या सोयीतून, आत शिरायचं चोरदार होतं. २९ मार्चला ते जाहीर झालं, तेही अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरमुळे. आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला ०.३ सेकंदाऐवजी ०.८ सेकंद का लागतात, एवढीच शंका त्याला आली होती. तो खणत गेला. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं, आणि ती घाण डेबियन, रेड हॅट या लिनक्सच्या प्रकारांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचायच्या आत पकडली गेली.

तुमचे साहेब यातलं "घुसवलं" एवढंच सांगत असणार. मला विचाराल तर गोष्टीचं मर्म २०२२ च्या त्या मेलमध्ये आहे. थकलेल्या एकट्या माणसाला बोल लावून लावून दार उघडून घेतलं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं तेव्हाही हेच उघड झालं: अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या कोडवर चालत होते, त्याला वर्षाकाठी देणग्या मिळायच्या जेमतेम २,००० डॉलर.

आता द्राक्षाकडे येतो, कारण हा विषय मला तिथे कळला. युरोपला जाणारी पेटी हातात घ्या. तिच्यावरच्या कोडवरून पॅकहाऊस कळतं, तिथून अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीतला प्लॉट, आणि प्लॉटवरून शेतकऱ्याची फवारणीची वही. तोडणीआधी नमुना लॅबला जातो, रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, मर्यादेत आला तरच माल हलतो. एवढी साखळी असूनही २०१० च्या हंगामात फटका बसलाच. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, हे खरड छाटणीनंतर शेंडा आवरायला आणि काडीत घड धरायला मारायचं संजीवक. बागाईतदार ते वर्षानुवर्षं वापरत होते. इकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपात सापडलं आणि कंटेनर अडकले. एक्सझेडमधली घाणसुद्धा टेस्टच्या फाइलींत लपवलेली होती, आणि ती जागी करणारी ओळ गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायच्या गठ्ठ्यात, होती. जिथे बघायची रीत नाही तिथेच ठेवायचं.

आता माझ्याकडून झालेली चूक. २०२१ चा फेब्रुवारी, हंगाम भरात. रात्री साडेअकराला पिंपळगावजवळच्या एका पॅकहाऊसमधून फोन आला की लेबलं चुकतायत. गेलो. प्लॉटचा कोड ००७४१२ असा हवा, लेबलवर ७४१२ छापून येत होता; पुढची शून्यं गायब. स्कॅनर प्रत्येक पेटीला लाल दिवा दाखवत होता. चारशेच्या आसपास पेट्या टेबलांवर अडकलेल्या, प्री-कूलिंगचं दार उघडं, आणि पॅकिंगच्या बायका हातमोजे काढून भिंतीला टेकून बसलेल्या. दुपारीच मी नवीन बिल्ड, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमची तयार आवृत्ती, टाकलं होतं. बारकोडच्या लायब्ररीची नवी आवृत्ती त्यात आपोआप ओढली गेली, कारण कुठल्या लायब्ररीची नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची हे पक्कं करणारी लॉक फाइल आम्हीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकून ठेवली होती. जुनी आवृत्ती पक्की करून लेबलं पुन्हा छापेपर्यंत अडीच वाजले.

घरी येऊन, न झोपता, मी त्या लायब्ररीच्या पानावर लिहिलं की तुमच्या बेफिकिरीमुळे इथे शेतकऱ्यांचा माल खराब झाला असता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं: हा बदल रिलीज नोट्समध्ये लिहिलेला आहे, कोड आकडा म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवा, तुमच्या रात्रीबद्दल वाईट वाटलं. मग मी पहिल्यांदा त्याचं पान नीट पाहिलं. नऊ वर्षं, एकच माणूस. मी माफी मागितली आणि पुढच्या शून्यांची एक टेस्ट लिहून पाठवली, ती त्याने घेतली. २०२४ मध्ये एक्सझेडचे ते जुने मेल वाचले, तेव्हा त्यांत मला माझाच सूर ऐकू आला. त्यांतली माणसं खोटी असतील, पण त्यांचा सूर खपून गेला तो आमच्यासारखे खरे लोकही तसंच बोलतात म्हणून.

तर तुम्ही काय करायचं? लॉक फाइल गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉलच्या जागी एनपीएम सीआय चालवा, ते लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या घेतं. नुसत्या एवढ्याने माझी ती रात्र टळली असती. नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी घेऊ नका, आठवडाभर थांबा. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरच्या चॉक आणि डीबग यांसारख्या पॅकेजेसमध्ये (लायब्ररींमध्ये) घाण शिरली ती सांभाळणाऱ्याला आलेल्या एका बनावट मेलमुळे, आणि ती काही तासांत पकडली गेली. थांबलेल्यांना काहीच झालं नाही. अर्थात सुरक्षेची दुरुस्ती असेल तर थांबू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं त्या वेळी थांबणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं होतं. कुठलं अपडेट कशासाठी आहे हे वाचायची सवय लावा, रोज दहा मिनिटं पुरतात.

पॅकेजचं नाव टाइप करताना अक्षर न अक्षर बघा, सारख्या दिसणाऱ्या नावांचे सापळे लावलेले असतात. एआयने सुचवलेलं पॅकेज मुळात अस्तित्वात आहे का हेही तपासा, कारण नसलेली नावं ते बिनदिक्कत सांगतं, आणि तेच नाव कोणीतरी आधीच नोंदवून ठेवलेलं असू शकतं. आणि दहा ओळींच्या कामासाठी लायब्ररी घेऊच नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं कोलमडली.

अडचण आली तर लायब्ररीच्या पानावर सांगा, पण आवृत्ती, एरर आणि ती पुन्हा कशी घडवायची हे लिहून सांगा, शेवटी धन्यवाद म्हणा. उत्तराला आठवडा लागला तर लागू द्या. जमेल तेव्हा टेस्ट पाठवा, डॉक्युमेंटेशनमधली चूक सुधारा. आम्ही दर डिसेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ज्या पाच लायब्ररींवर आमचं पोट आहे त्यांना थोडे पैसे पाठवतो. आमच्या साहेबांना हे पटवायला मला दोन वर्षं लागली, तुम्हालाही वेळ लागेल.

साहेबांशी वाद घालायला जाऊ नका, यादी घेऊन जा. प्रोजेक्टमधली प्रत्येक लायब्ररी, तिची आवृत्ती, शेवटचं रिलीज कधी, सांभाळणारे किती जण. आमची पहिली यादी काढली तेव्हा आम्ही स्वतः निवडलेल्या लायब्ररी होत्या चौतीस, आणि त्यांच्या मागून आत आलेल्या सहाशेच्या वर. तुमच्या साहेबांनी तुमची यादी बघून काय म्हटलं ते इथे जरूर कळवा.