विजया मेहता यांनी नाटकाशिवाय काय दिग्दर्शित केलं? कुठून सुरुवात करू?

बाईंना फक्त नाटकवाल्या समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९६० मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी राहिली, त्यात विजय तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे यांच्यासोबत त्या होत्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मात्र विसरलं जातं.

जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ त्यांनी रंगमंचावर आणलं, मग त्यावरच ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. त्यातल्या मावशीच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दिग्दर्शन करता करता इतकी ताकदीची भूमिका निभावणं सोपं नाही! नंतर पारशी घरांतला ‘पेस्तनजी’ हा चित्रपट. दूरदर्शनसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरचा ‘स्मृतिचित्रे’ हा चित्रपट, त्यात सुहास जोशींची लक्ष्मीबाई, आणि रुग्णालयावरची ‘लाइफलाइन’ मालिका.

सुरुवात ‘स्मृतिचित्रे’पासूनच करा.