‘जिमी जिमी’: चाल उचललेली, हाक मात्र आपली

प्रश्न असा आहे की, एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेच्या गाण्यात ‘डिस्को डान्सर’ या हिंदी सिनेमातल्या आपल्या ‘जिमी जिमी’ची ‘जिमी आजा’ ही हाक ऐकू येतं, तर कोणी कोणाचं उचललं? आणि मूळ चालच फ्रेंच असेल तर संगीतकार बप्पीदांचं (बप्पी लाहिरींचं) एवढं कौतुक कशाला?

क्रम सरळ आहे. १९८० साली फ्रान्सच्या ओटावान या जोडीचं ‘टे ओके’ आलं. १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी ‘जिमी जिमी’साठी ती चाल घेतली. ‘प्रेरणा’ वगैरे शब्द मी वापरणार नाही. दोन्ही गाणी पाठोपाठ लावा, लगेच कळतं. एम.आय.ए.चं ‘जिमी’ २००७चं, ‘काला’ अल्बममधलं, आणि ते उघडउघड बप्पीदांच्या गाण्यावर बेतलेलं.

पण आपल्या गाण्याचा जीव चालीत नाही, हाकेत आहे. सिनेमातला प्रसंग आठवा. नायक जिमीला मारायला गिटारमध्ये सोडलेल्या विजेने त्याची आई जाते. तेव्हापासून त्याला गिटारची दहशत बसलेली. भर स्पर्धेत तो थिजून उभा आहे आणि नायिका रीटा त्याला बोलावतेय. पार्वती खान (मूळच्या त्रिनिदादच्या) यांच्या आवाजात लाडिकपणापेक्षा विनवणी जास्त आहे. म्हणून ते डिस्को असूनही काळजाला लागतं. (याच सिनेमात सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर यांचं ‘गोरों की ना कालों की’ आहे, तेही जरूर ऐका.)

मी बारा वर्षं गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. गायिकेने ‘जिमी जिमी’ म्हणून माइक मंडपाकडे वळवला की मागच्या रांगेतल्या आज्यासुद्धा ‘आजा आजा’ ओरडायच्या. कडवं चुकलं तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही, पण मधला व्हायोलिनचा तुकडा जरा घसरला की नाचणारी पोरं थबकून माझ्याकडे बघायची.

एम.आय.ए.ने नेमकं तेच ओळखलं. व्हायोलिन ठेवलं, ‘आजा’ ठेवलं, कडवी बदलली. तिच्या कडव्यांत सुदानमधल्या दारफूरचा नरसंहार येतो. नाचता नाचता ते शब्द कळले की अंगावर काटा येतो. माझ्या मते कव्हर, म्हणजे जुन्या गाण्याची नवी आवृत्ती, असंच असावं. नुसता ढोल वाढवून केलेल्या रीमिक्सना मी कव्हर म्हणत नाही.

आणि सगळ्यात विलक्षण आवृत्ती तर कोणी गायलीच नाही. २०२२च्या ऑक्टोबरच्या सुमारास, कोविडच्या टाळेबंदीत अडकलेले चिनी लोक मूळ गाणं लावून कॅमेऱ्यापुढे रिकामी भांडी दाखवत होते. मँडरिनमध्ये ‘जिए मी’ म्हणजे ‘तांदूळ उसने द्या’. वरवर पाहणाऱ्याला जुनं डिस्को गाणं, आणि आत भुकेची तक्रार. पुन्हा हाकच! बप्पीदा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले. हे त्यांना बघायला मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.